फोटो एडिटिंगसाठी दरमहा पैसे : शाळेला खरंच गरज आहे का?



शाळेत फोटोचं काम असतं तरी किती? स्नेहसंमेलनाचे फोटो उजळ करायचे, ओळखपत्रासाठी कापायचे, अहवालासाठी साईज कमी करायची. एवढ्यासाठी काहीजण फोटोशॉपला दरमहा पैसे भरतात, तेही स्वतःच्या खिशातून.

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की ते आपलं असायचं. २०१३ मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं ठरवलं. म्हणजे भाड्याचं घरच! भाडं थांबलं की किल्ली परत. फाईल आपल्याकडे राहते, पण ती उघडून काम करायचं सॉफ्टवेअर जातं.

ज्याचं पोट फोटोग्राफीवर आहे, त्याने वर्गणी जरूर भरावी. आपलं काम मात्र गिम्प या मोफत सॉफ्टवेअरवर सहज होतं. मुलांनाही तेच शिकवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पैशाचं सॉफ्टवेअर शिकलेलं मूल घरी काय करणार? एक तर हट्ट, नाहीतर चोरीची कॉपी.

पालकांनो, 'सात दिवस मोफत' वाचून लगेच ऑटोपे मंजूर करू नका. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचा आणि नको असेल तर ऑटोपे रद्द करा.

आणि गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्या : दरमहा ५०० रुपये, तर पाच वर्षांत किती? उत्तर ३०,००० आलं की पुढचा प्रश्न विचारा, 'शेवटी हातात काय उरलं?'