वायूचे धन आणि बेटाची वाटणी

सायप्रस बेटाच्या भांडणावर समुद्रतळी सापडलेला वायू हाच रामबाण उपाय होय, असे पुष्कळ शहाणे लोक सांगत आले. आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस हे बेट दूरचे वाटेल; पण भांडण ओळखीचे आहे. १९६० साली इंग्रजांपासून सुटलेल्या या बेटावर ग्रीक व तुर्क असे दोन समाज. १९७४ साली ग्रीसच्या लष्करशहांनी तेथे बंड घडविले, तुर्कस्तानने फौज उतरविली, आणि बेटाचे दोन तुकडे झाले. २०११ साली दक्षिणेच्या समुद्रात वायू सापडला. आता लोभाने तरी दोघे एक होतील, असे वाटले. झाले उलटेच! २०१८ साली इटालियन कंपनीचे खोदकामाचे जहाज तुर्की युद्धनौकांनी अडविले. एक तप उलटून गेले. बेट दुभंगलेलेच आहे.

याचे कारण समजण्यास विलायतेस जावयास नको. सामाईक विहीर पाहा. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला व पाळी ठरलेली असली, तर भर उन्हाळ्यात थोड्या पाण्यातही भाऊ निभावून नेतात. हिस्साच नाकारला असेल, तर पाणी जितके अधिक तितका तंटा अधिक. शिवाय वकिलाची फी देण्यास पैसाही असतो!

आपल्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचेच घ्या. दिगंबर व श्वेतांबर यांचा वाद प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, १९२९ साली तेथे निकालही लागला. तरी १९८१ साली मंदिरास कुलूप पडले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली निघाले. दोन्ही पक्षांस पैशाची वानवा नव्हती. ती असती, तर खटला इतका लांबता काय?

आणि महाडचे चवदार तळे? तळ्यात पाणी थोडे होते म्हणून का अस्पृश्यांस १९२७ साली मारहाण झाली? रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. पाणी मुबलक होते. हक्क मान्य नव्हता.

सायप्रसमध्ये एक गोष्ट मात्र साधली. राजधानी निकोसिया मधोमध चिरली गेली, पण सांडपाण्यास सरहद्द कळेना. तेव्हा १९७८ साली लेलोस देमेत्रियादेस व मुस्तफा आकिंजी या दोन बाजूंच्या नगरप्रमुखांनी, राज्य कोणाचे खरे हा प्रश्न बाजूस ठेवून, दोहोंची मिळून एकच गटारयोजना ठरविली. वायूच्या गप्पा झोडणाऱ्या दरबारी मुत्सद्द्यांहून या दोन गटारवाल्यांस आम्ही अधिक मान देतो.

याच आकिंजींनी २०१९ साली वायूसाठी दोन्ही समाजांची सामाईक समिती मागितली. दक्षिणेने ती नाकारली. वाटणी बेट एक झाल्यावर पाहू, असे तिचे म्हणणे. तुर्की फौज उशाशी असता तिला भय वाटते, हे खरे. पण समितीत बसल्याने फौज वाढत नाही, आणि हिशेबाची वही दोघांच्या डोळ्यांपुढे राहते.