रोगाची वर्दी आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

साथीची वार्ता व्यापाऱ्यास नेहमीच अप्रिय असते. रोगापाठोपाठ बंदरे बंद होतात, माल अडकून पडतो. देण्याची मुदत मात्र थांबत नाही. पॅरिस येथे १८५१ साली पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती बव्हंशी याच अडचणीपायी. प्रत्येक बंदराचे क्वारंटाईन निराळे आणि त्याचा भुर्दंड व्यापारास. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा दुसऱ्याच वर्षी व्हेनिस येथे राष्ट्रांना केवळ त्या रोगासाठी परिषद भरवावी लागली.

परंतु नियम झाले म्हणून भय जात नाही. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली असता, जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सुचविलेले नसतानाही कित्येक देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबविली, काहींनी आयात रोखली. वर्दी देणाऱ्यासच असा दंड होऊ लागला, तर उद्या वर्दी कोण देईल? २००७ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी म्हणूनच दोन्ही बाजू बांधल्या आहेत. गंभीर घटनेची खात्री पटताच चोवीस तासांत कळवावे; आणि इतरांनी गरजेपेक्षा अधिक अडवणूक करू नये. आमच्या मते दुसरे बंधन पाळले गेले, तरच पहिले टिकेल.

तथापि जगास दोष देण्यापूर्वी आपण आपल्या वखारीत डोकावले पाहिजे. धान्याच्या थप्पीमागे मेलेले उंदीर सापडले, तर नगरपालिकेस कळविण्यास आपण कचरत नाही काय? सत्य हे आपल्या अणुव्रतांपैकी एक आहे. चार दिवसांच्या विक्रीसाठी शेजाऱ्याचे प्राण पणास लागू नयेत, एवढी दक्षता सभासद बंधूंनी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.