डुप्लिकेट म्हणजे खोटे नव्हे

‘ओरिजिनल मिळेल का?’ हा प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी किती दुकानदारांना विचारला असेल याची गणती नाही. बडोद्याला फतेगंजात माझे आजोळ आहे. परीक्षा आटोपली, आता चार दिवस आमरस-पुरी खावी आणि कमाटी बागेत हिंडावे, एवढ्याच उद्देशाने मी बेळगावहून निघालो होतो. पण स्टेशनवर घ्यायला आलेल्या मामाने बॅग हातात घेण्याआधीच विचारले, ‘‘काय रे, तू रसायनशास्त्र घेतलेस ना? मग निकेलचा मुलामा ओळखता येतो का तुला?’’

या प्रश्नाचे कारण होते आजोबांची शेवरलेट पिकअप.

आजोबांचा फर्निचरचा छोटा कारखाना होता. कपाटे, पलंग, टेबले, सारे काही या गाडीच्या हौद्यातून गिऱ्हाइकाच्या घरी जाई. मामाला आणि माझ्या आईला शाळेत सोडायलाही तीच. आजोबा गेले आणि गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी तिच्या बैठकीपर्यंत चढले. ते ओसरले तेव्हा हौद्याच्या फळ्या फुगून फाटल्या होत्या आणि दारांतून चिखल गळत होता. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला फाटकाशी हजर! त्याला मामाने परत पाठवले आणि गाडी पूर्ववत करायची असे मनाशी ठरवले.

इंजिन आणि चेसिस मिस्त्रीने पाहून घेतले. घोडे पेंड खाऊ लागले ते बारीकसारीक भागांपाशी. पुढची जाळी, हेडलाइटच्या रिंगा, काच वरखाली करायच्या मुठी, दारांचे रबर, बोनेटवरचा मोनोग्राम. यांच्यावाचून गाडी चालते. पण यांच्यावाचून ती आजोबांची गाडी वाटत नाही.

पहिली ठेच आम्हांला कागदाने दिली. आर. सी. बुकात वर्ष होते १९५४. मामाने त्यावरून अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे जाळीची चौकशी केली. चित्र आले ते भलत्याच जाळीचे. मग आम्ही गाडीच वाचायला घेतली. समोरची काच दोन तुकड्यांची आणि जाळीला पाच आडव्या पट्ट्या, म्हणजे ती १९५४ च्या आधीची. कारण त्या वर्षी काच एकसंध झाली आणि जाळीही बदलली. दाराला तिकोनी हवेची काच, म्हणजे १९५१ किंवा नंतरची. बाहेरच्या मुठीला दाबायचे बटण, म्हणजे १९५२ किंवा नंतरची. थोडक्यात, गाडी १९५२-५३ ची आणि नोंदणी मात्र १९५४ ची. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे नवे वाटणार नाही. दस्तऐवज आणि वस्तू यांचे पटेनासे झाले की वस्तूलाही बोलू द्यावे लागते!

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग येत आणि येथे गाडी उभी राहत असे. जी कंपनी येथेच उत्पादन करील तिलाच वाव, असे धोरण सरकारने स्वीकारल्यावर १९५४ मध्ये तो बंद झाला. तेव्हापासून या गाड्यांचा मूळ माल आपल्याकडे आटतच गेला. अमेरिकेत याच मॉडेलचे नवे भाग आजही ढिगाने तयार होतात, पण ते डाव्या बाजूला चाक असलेल्या गाड्यांसाठी. आपल्या उजव्या चाकाच्या गाडीला तिकडचा डॅशबोर्ड काय कामाचा?

मग बाजार धुंडाळणे आले. अहमदाबादची रविवारची गुजरी, मुंबईची मटन स्ट्रीट, कुर्ल्याची स्पेअरची दुकाने. या दुनियेची भाषा मी तेथे शिकलो. ‘कंपनीचा माल’ म्हणजे मूळ. ‘जुना माल’ म्हणजे मूळच, पण वापरलेला. ‘लोकल’ म्हणजे येथे बनवलेला. आणि ‘डुप्लिकेट’ हा शब्द दुकानदार आवाज खाली आणून उच्चारतो, जणू काही चोरीच केली आहे. ‘लोकल’ म्हणून एकाने आम्हांला दाराचे रबर फुटावर मोजून दिले. ते दोन सूत जाड निघाले आणि दारच लागेना. तेव्हा नव्या मालावर अविश्वास का, हे मला कळले. पण तो दोष नवेपणाचा नव्हता, मापाचा होता. हा फरक आपण विसरतो.

आता जाळीची गोष्ट. मामाला ती आरशासारखी क्रोम करून हवी होती. लहानपणी चमकताना पाहिली आहे, असे तो छातीठोकपणे सांगे. मी एक पट्टी कोपऱ्यावर घासून पाहिली. ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यात क्रोमियमचा थर अगदी पातळ असतो; झळाळी खरी त्याखालच्या निकेलची. येथे रंगाचे थर संपले आणि एकदम पोलादच लागले. निकेल नाही, तांबे नाही. मामाचा चेहरा पडला. पण याला कारण आहे. १९५० ते १९५३ या काळात कोरियाचे युद्ध चालू होते. निकेल आणि तांबे युद्धसामग्रीकडे वळवल्यामुळे अमेरिकेत मोटारींच्या शोभेवर बंधने आली आणि त्या सुमाराच्या शेवरलेट ट्रकांच्या जाळ्या बहुतेक नुसत्या रंगवलेल्याच निघाल्या. मग मामाला आठवणारी चमक कोठली? आजीने एका वाक्यात निकाल दिला, ‘‘अरे, दर दसऱ्याला हे चंदेरी रंगाचा डबा घेऊन बसायचे!’’

म्हणजे क्रोम केली असती तर जाळी अधिक सुंदर दिसली असती, लोकांनी वाहवाही केली असती. पण ती ना कारखान्याची राहिली असती, ना आजोबांची. अखेर मामाने ती रंगवली, आणि सर्वांत खालच्या पट्टीची आतली बाजू मात्र खरवडू दिली नाही. आजोबांचे दसरे तेथे अजून आहेत.

आणि आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहितो आहे तो. एका दलालाने बातमी आणली की बोडेलीच्या बाजूला अशीच पिकअप आहे, तिच्या मुठी, रिंगा सगळे मूळ आहे. ‘‘अख्खी उचला साहेब, हवे ते काढून घ्या, बाकी भंगारात.’’ आम्ही गेलो. गाडीचा मालक म्हातारा शेतकरी होता. त्याला पैशांची नड होती, हे त्याच्या बोलण्यावरून दिसत होते. मामाने सहज म्हटले, ‘‘काका, चालू होते का?’’ तिसऱ्या प्रयत्नाला ती चालू झाली. हौद्यात सकाळच्या भाजीची पाने पडली होती. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘एक जगवायला दुसरी मारायची, ही कसली दुरुस्ती?’’

मूळ भागाचा हट्ट धरणाऱ्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. जुन्या मुठीवर जुन्या हातांची झीज असते, ती कोणताही कारखाना बनवू शकत नाही. शिवाय मूळ म्हणून नक्कल खपवणारे भामटे बाजारात आहेतच. पण मूळ भाग नव्याने जन्माला येत नाहीत. प्रत्येकाने मूळच हवे म्हटले, तर कोठली तरी दुसरी गाडी सोलली जाणार, आणि बहुधा ती गरिबाची असणार. हा हिशेब आपल्या हौसेच्या वहीत कोणी मांडत नाही.

आम्ही त्या काकांकडून काचेची एक मूठ चार दिवसांसाठी मागून आणली. मकरपुऱ्याच्या एका ओतकाम करणाऱ्याकडे तिच्यावरून साचा केला. पहिली मूठ सळईवर बसेचना! धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठा घ्यावा लागतो, हे पुस्तकात वाचलेले सत्य मला तेथे समजले. दुसऱ्या खेपेला पितळेच्या चार मुठी उत्तम उतरल्या. दोन आमच्या गाडीला, दोन बोडेलीच्या. मूळ मूठ परत देताना मामाने भाड्याचे म्हणून पैसे काकांच्या हातात ठेवले. त्या दिवशी डुप्लिकेट मालाने दोन गाड्या राखल्या.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली स्वीकारलेली तूरिनची सनद याचे चांगले उत्तर देते. मूळ जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवा; नवे बसवले तर ते ओळखू येईल अशी खूण करा; आणि काय केले ते लिहून ठेवा. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी-चारचाकी वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम झाले. त्यांत चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नसावा अशी अट आहे. मुठीचे आणि मोनोग्रामचे काय, ते मात्र माणसाच्या सचोटीवर येऊन पडते. मामाने प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या बाजूला ‘२०२५’ कोरून घेतले. मोडके मूळ भाग एका पेटीत घालून बैठकीमागे ठेवले आणि पेटीत एक वहीही ठेवली.

माझ्या मते खोटेपणा वस्तूत नसतो, तो तिच्याविषयी आपण जे सांगतो त्यात असतो. नवी मूठ ‘नवी’ म्हणून बसवली तर ती प्रामाणिक आहे. तीच मीठ लावून, गंज चढवून ‘जुनी’ म्हणून विकली तर तो गुन्हा आहे.

हे बेळगावच्या विद्यार्थ्यांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन काढले, ते हाताने काम करणाऱ्याला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. आपल्या उद्यमबागेत तर ओतकामाचे कारखाने दाराशीच आहेत. आपल्या आसपासच्या कितीतरी अंगणांत जुन्या जीपा, जुने ट्रक एखाद्या मुठीवाचून, एखाद्या रिंगेवाचून भंगाराची वाट पाहत उभे असतील. मराठी विभाग वाचणाऱ्याने आणि कन्नड विभाग वाचणाऱ्याने मिळून एक सुटी त्यांच्यापायी घालवायला काय हरकत आहे? साच्याला कोणतीच भाषा लागत नाही, माप तेवढे बरोबर लागते.

सुटी संपताना मामाच्या त्या वहीतले पहिले पान मीच लिहिले. ‘जाळी मूळ, रंग नवा. काचेच्या मुठी नव्या, नमुना बोडेलीचा. हौद्याच्या फळ्या नव्या. फाळक्यावरचा पोचा आजोबांच्या वेळचा, तो काढू नये.’