तेलाची बाटली आणली म्हणजे सेवा झाली का?

कतारगामच्या आठवणी लिहायला बसलं की आपल्या मंडळींच्या लेखणीला भरतं येतं. भुसावळ-सुरत पॅसेंजरमधून पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलेले वडील, कतारगाम दरवाजाजवळची भाड्याची खोली, आता बिल्डिंगांखाली गेलेली पापडीची शेतं, थंडीतला उंधियो, पहिल्या बाळंतपणात धावून आलेली शेजारची काठियावाडी बेन. सगळं खरं आहे आणि वाचायला गोडही लागतं. पण या आठवणींत एक गोष्ट कुणीच लिहीत नाही. आपल्या घरातल्या बायांचे गुडघे. आज मी त्यावरच लिहिणार आहे, आणि गोड लिहिणार नाही.

हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर दिवसभर वाकून बसणाऱ्या माणसाची मान धरली, पाठ गेली, तर ते सगळ्यांना समजतं. ते काम असतं ना! पण घरी फरशीवर मांडी घालून साड्यांचं धागा कटिंग करणारी, टिक्की-लेस लावणारी, पोटलं आलं की रात्री अकरापर्यंत सोडवत बसणारी बाई, तिचं मात्र 'जरा घरबसल्या काहीतरी'. त्याच बाईने उकिडवं बसून कपडे धुवायचे, खाली बसून पीठ मळायचं, लाईट गेली की पाणी दोन जिने चढवायचं. पन्नाशी आली की ती भिंतीला हात लावून उठते आणि म्हणते, "गुडघा दुखस वं माय." मग घर काय करतं? मुलगा येताना तेलाची बाटली घेऊन येतो. सून हळदीचं दूध देते. कुणीतरी मोबाईलवर आलेला मेथीचा उपाय वाचून दाखवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई त्याच मोरीत, त्याच कपड्यांपुढे, तशीच उकिडवी बसलेली असते.

याला आपण 'नैसर्गिक उपचार' म्हणतो! माझा राग तेलावर नाही, हळदीवर तर मुळीच नाही. घरातलं काहीही न बदलता, दुखणाऱ्या माणसाच्या हातात एक वस्तू ठेवून मोकळं होण्यावर माझा राग आहे.

आधी आपल्या 'वात' या शब्दाचा हिशेब करू. गुडघा दुखला, वात. बोटं सुजली, वात. अंगठा लालभडक झाला, वात. कंबर धरली, तरी वातच. आणि हे सगळं आयुर्वेदाच्या नावाने. पण आयुर्वेद असा ढोबळ नाही हो. चरकाने वाताचे ८० विकार वेगळे मोजले आहेत. झिजणाऱ्या सांध्यांचा संधिगत वात वेगळा, सुजणाऱ्या सांध्यांचा आमवात वेगळा, वातरक्त वेगळं. आमवाताचं सविस्तर वर्णन माधवनिदानात आहे. आणि गंमत बघा, आमवातात सांधे सुजलेले असताना तेल चोळू नये, कोरडा शेक द्यावा, वाळूच्या पुरचुंडीने शेकावं, असं वैद्य सांगतात. म्हणजे सुजलेल्या बोटांवर तेल रगडून 'आम्ही आयुर्वेद करतो' म्हणणारं घर आयुर्वेदाचंही ऐकत नाही. ते फक्त दुकानातल्या बाटलीचं ऐकतं.

डॉक्टरही हेच वेगळेपण सांगतात, शब्द तेवढे निराळे. वयाने, वजनाने, कामाने सांधा झिजतो, तो एक प्रकार. यात चाललं, जिना चढला की दुखतं, बसलं की बरं वाटतं, सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. दुसरा प्रकार म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो, ऱ्हुमॅटॉइड. यात दोन्ही हातांची लहान बोटं, मनगटं सुजतात, हाताला गरम लागतात, सकाळी तासभर किंवा जास्त वेळ मूठ वळत नाही, थकवा येतो. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पटीने जास्त होतो. पहिल्या प्रकारात घाई नसते. दुसऱ्यात पहिले काही महिने सोन्याचे असतात, कारण तेव्हा योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. ते महिने पुडीत घालवले की परत मिळत नाहीत.

माझ्या मोठ्या काकूचे असेच गेले. बोटं सुजायला लागली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. ओळखीतल्या कुणीतरी बाहेरगावच्या एका माणसाकडून पुड्या आणून दिल्या, इकडच्या भाषेत पडीकी. पांढरट भुकटी, कागदात बांधलेली, वर नाव नाही, गाव नाही, काही नाही. "देशी ओसड छे, कशुं नुकसान नथी." चौथ्या दिवशी काकू उठून भाकरी थापायला लागली. अख्ख्या गल्लीत चमत्कार झाला! जी कुणी कण्हायची तिला काकूचं उदाहरण दिलं जायचं. दीड-दोन वर्षांत काकूचा चेहरा गोल सुजला, आम्ही म्हणायचो अंगाने भरली. साखर वाढली. अंगावर हात लागला तरी काळानिळा डाग उठायचा. मग एका लग्नाला गावी गेली असताना पुड्या संपल्या, आणि चार दिवसांत ती उलट्या होऊन, बीपी उतरून बेशुद्ध पडली. तिथल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "कोणती पुडी घेता?" त्यांच्या मते पुडीत स्टिरॉइड होतं. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, आणि ते एकदम थांबलं की माणूस असा कोसळतो. काकू वाचली. बोटं मात्र वाकडीच राहिली, कारण पुडीने सूज दाबली होती, रोग आत चालूच होता. आणि पुडी देणाऱ्याला कुणी एक शब्द विचारला नाही. तो 'देशी' ना!

हे आपल्याच गल्लीत घडतं असं नाही. 'आर्त्री किंग' नावाचं सांधेदुखीचं 'नैसर्गिक' पूरक म्हणून विकलं जाणारं उत्पादन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासलं, तर त्यात डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन निघालं. एक वेदनाशामक, दुसरं स्टिरॉइड. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. २०२२ साली लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला. बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. आणि ज्या गुळवेलीचे काढे कोरोनात घरोघरी उकळले, तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद आहे. पण 'झाडाचं आहे म्हणजे अपाय नाही' हे वाक्य कुणी शपथेवर सांगू नये, एवढं तरी त्यातून घ्या. धोतराही झाडालाच लागतो.

आणखी एक गोष्ट. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्या देशात १९५४ पासून कायदा आहे. ज्या आजारांवर 'बरा करतो' अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत संधिवात आहे. ७० वर्षं! तरी रिक्षाच्या पाठीवर, केबलच्या पट्टीवर, मोबाईलवर 'गुडघेदुखी मुळापासून गायब' वाचतोच आपण. आणि आयुर्वेदिक औषधावरही घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक छापणं बंधनकारक आहे. ज्या पुडीवर हे नाही, ती आयुर्वेदाची नाही, कुणाचीच नाही.

आता कुणी म्हणेल, हा माणूस आयुर्वेदाचा वैरी दिसतो. अजिबात नाही. पुण्याचे संधिवाताचे डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी घेतली. सुंठ, गुळवेल, सालई, गुग्गुळ अशा वनस्पतींची औषधं एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. २०१३ साली निष्कर्ष आला: आराम जवळपास सारखाच. आणि त्याच चाचणीत आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृतावर ताण दिसला, तेही त्यांनी लपवलं नाही. आयुर्वेदाचा मान असा राखतात. तपासून, मोजून, चांगलं-वाईट दोन्ही सांगून. पुडीवाला यातलं काय करतो?

आणि मेडिकलवरून न विचारता दुखण्याची गोळी आणून वर्षानुवर्षं गिळणाऱ्यांनीही हसू नये. ती गोळी पोटात व्रण करते, किडनीला मारते. तिथेही तोच आळस आहे: गोळी दिली, काम चालू.

या शहराला शहाणपण नाही असं मी म्हणणार नाही. १९९४ च्या प्लेगमध्ये हेच सुरतकर टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानं पालथी घालत होते. तेव्हा कुणी पडीकी शोधली नाही, कारण मरण दारात उभं होतं. सांधेदुखी मारत नाही, सावकाश बसवते. आणि घरातली बाई बसली तरी घर चालत राहतं, कारण ती बसल्या बसल्या भाजी निवडते. म्हणून घाई नाही.

मग खरा नैसर्गिक उपाय कोणता? आहे, आणि त्याला पुरावाही भक्कम आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवर बसायचं, एक पाय सरळ करायचा, पाच-दहा आकडे मोजून खाली ठेवायचा. प्रत्येक पायाने दहादा, दिवसातून दोनदा. सहा-आठ आठवड्यांनी फरक कळतो, चौथ्या दिवशी नाही. वजन एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. आता सुरतचं जमण आणि काशीचं मरण म्हणणाऱ्या गावात हे कठीण आहे, मान्य. पण रविवारचा लोचो, चंदी पडव्याची घारी सोडा असं कुणी म्हणत नाही. रोजच्या चहाबरोबरचं फरसाण तरी सोडा! ताठर सांध्याला गरम शेक, लाल-गरम सुजलेल्याला थंड. रोजचं चालणं, झेपेल तेवढं. झोप पुरेशी. उनाईच्या किंवा चोपड्याजवळच्या उनपदेवच्या गरम कुंडात न्हाऊन यायचं असेल तर आनंदाने जा, गरम पाण्याने अंग मोकळं होतंच. फक्त डॉक्टरांची चालू गोळी तिथे सोडून येऊ नका.

आता यातला एकेक उपाय नीट बघा. व्यायामाला वेळ लागतो, म्हणजे त्या वेळात कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायला हवा. चालायला जायचं तर संध्याकाळी साडेसहाला ती मोकळी हवी. झोप हवी तर रात्रीचं पोटलं परत पाठवायला हवं. उकिडवं बसणं बंद करायचं तर मशीन घ्यावं लागेल किंवा कपडे मुलाने धुवावे लागतील. ओटा उभ्याने काम करण्याजोगा हवा, संडासात कमोड हवा, मोरीत स्टूल हवं. म्हणजे औषध घ्यायचंय बाईने, पण कडू लागणार आहे अख्ख्या घराला. म्हणून तर आपण बाटली आणतो! बाटलीला फक्त पैसे लागतात.

ज्या घरात हॉलच्या पीओपीला आणि मुलाच्या बाईकला पैसे निघाले, त्या घरात आईच्या कमोडला जागा नव्हती, हे मला सांगू नका. मी अशी घरं पाहिली आहेत. गोतालावाडीपासून वेडरोडपर्यंत पाहिली आहेत.

"डॉक्टर लुटतात," हेही ऐकतो. काही लुटतातही. म्हणून तर सिव्हिल आहे, पालिकेचं स्मीमेर आहे. रांग आहे, वेळ जातो, कबूल. पण एकदा नीट निदान होऊ द्या: झीज आहे, ऱ्हुमॅटॉइड आहे, युरिक ॲसिड आहे की चिकुनगुनियानंतरचं दुखणं आहे. कुणाला मेथोट्रेक्सेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, हे घरातल्या दोघांना तरी पाठ असू द्या. त्यानंतर वैद्याकडे जायचं तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे जा आणि चालू औषधांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवा. चांगला वैद्य ती वाचतो. वाचायला नको म्हणणारा वैद्य नव्हे.

आणि तेल? लावा की. रात्री कोमट करून, सूज नसलेल्या गुडघ्याला, स्वतःच्या हाताने लावा. आईला बरं वाटेल, त्यात तेलापेक्षा तुमच्या हाताचा वाटा मोठा असेल. पण त्याआधी मोरीतले कपडे उचला.

या दिवाळीला घरी जमाल तेव्हा एक करा. आई, सासू, काकू, वहिनी, जी कुणी भिंतीला धरून उठते, ती दिवसातून किती वेळा जमिनीवर बसते-उठते ते एक दिवस मोजा. आकडा कागदावर लिहा. मग सगळ्यांनी बसून ठरवा, त्यातलं कोण काय उचलणार. ते ठरल्यावर बाटली आणा, मी अडवणार नाही.