परसबागेतले जाळे आणि धामण

पावसाळ्यात मांडवावर काकडी, पडवळ, दोडकी धरू लागली की पाहुणेही येतात. पोपट कोवळी फळे टोचतात, खारी कुरतडतात, रात्री उंदीर-घुशी येतात. यावरचा आपला स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे नायलॉनचे जाळे. कोकणात तर मासेमारीचे जुने जाळेच बागेभोवती गुंडाळले जाते. फुकटात मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. माझ्या मते परसबागेतून सर्वांत आधी हद्दपार व्हायला हवे ते हेच जाळे.

कारण त्यात सर्वांत जास्त अडकतो तो साप, आणि त्यातही धामण. कुठल्याही सर्पमित्राला विचारा; जाळ्यात गुरफटलेला साप कात्रीने सोडवणे हे त्याचे नेहमीचे काम असते. सापाचे खवले मागच्या बाजूला झुकलेले असतात. डोके आणि मान भोकातून सहज जाते, मग जाड अंग अडते. मागे सरावे तर दोरा खवल्यांखाली रुततो. जितकी धडपड, तितका फास घट्ट. उन्हात काही तासांत खेळ संपतो.

धामण बिनविषारी आहे आणि उंदीर हे तिचे मुख्य अन्न. म्हणजे भाजी खाणाऱ्याला खाणारीच आपण मारतो. हा प्रश्न नुसत्या भाजीचाही नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. अनवाणी बागेत वावरणाऱ्या घराला धामण परवडते, उंदीर नाही.

मग जाळे लावायचेच नाही का? लावा, पण बारीक. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळ्यासाठी नियमच केला: पूर्ण ताणल्यावर भोक ५ बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठे नको. तिथे साधी खूण सांगतात, भोकातून बोट गेले तर जाळे चुकीचे. दुकानात ही परीक्षा कुणालाही करता येईल. असे जाळे महाग पडते हे खरे. म्हणून सगळी बाग झाकू नका. दुधी, काकडीच्या एकेका फळाला जुन्या सुती कापडाची पिशवी बांधली तरी भागते. जाळे लावलेच तर चौकटीवर ताणून बसवा, जमिनीवर त्याचा ढीग लोळू देऊ नका. खालच्या हातभर उंचीला कडक तारेची बारीक जाळी उत्तम.

एक अडचण राहते, मधमाश्यांची. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे झाकल्यावरही निभते. झाड हलवले तरी फळ धरते. काकडी-भोपळ्याची फुले मात्र सकाळी उमलतात, तेव्हा जाळे दूर करावे लागते किंवा नराचे फूल तोडून मादीच्या फुलावर हाताने फिरवावे लागते. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे तो उद्योग दिवेलागणीला.

वानरांपुढे मात्र कुठलेच जाळे टिकत नाही, ते सरळ फाडतात. तिथे हळद, आले यांच्याकडे वळणे शहाणपणाचे (साळिंदर किंवा रानडुक्कर येत असेल तर कंदांचाही भरवसा नाही!). कुंपणात वीज सोडण्याचा विचारही नको; त्यात माणसेही मेली आहेत.

साप अडकलेला दिसलाच तर स्वतः कात्री घेऊन पुढे होऊ नका. धामण आणि नाग यांत घाबरलेल्या माणसाची गल्लत होतेच. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, तोवर लांबूनच गोणपाटाने सावली करता आली तर करा. आणि हंगाम संपला की जाळे उतरवून उंच टांगून ठेवा. विहिरीच्या कठड्याशी, लाकडांच्या ढिगामागे टाकून दिलेल्या तुकड्यातही साप तसाच अडकतो, आणि तिथे तो लवकर कुणाला दिसतही नाही.