चार दिवसांचा काढा, चार महिने

दिघीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गुळवेल विकत आणावी लागत नाही. आंब्यावर, कुंपणावर ती आपसूक चढते. हृदयाकृती पानं, कागदासारखी सुटणारी साल, आणि खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. ताप आला की बोटभर तुकडा ठेचायचा, उकळायचा आणि तीन-चार दिवस तो कडू काढा घ्यायचा, ही घराघरातली रीत. करोनाच्या साथीत त्या चार दिवसांचे चार महिने झाले.

ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने काढलेल्या करोना उपचारपद्धतीत गुळवेलीच्या घनवटीचं नाव होतं. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून मग रस, गोळ्या, काढे सगळंच घराघरात शिरलं. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांतल्या 62 वर्षांच्या एक बाई वाचल्या नाहीत. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या वर्षी देशातल्या 13 रुग्णालयांतून अशाच 43 रुग्णांची नोंद पुढे आली.

गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि काहींच्या शरीरात तीच शक्ती स्वतःच्या यकृतावर उलटते, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. थायरॉइड किंवा तत्सम स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांना हा धोका अधिक.

मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. पण मग बाटलीतल्या रसात कुठली वेल आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? या उत्तराने धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. डोळे पिवळे झाले की अनेक जण आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. म्हणजे एका झाडपाल्याने बिघडलेल्या यकृतावर दुसरा झाडपाला, आणि वर गेलेले दिवस. दिघीहून यकृताचा तज्ज्ञ गाठायचा तर खाडी ओलांडून आगरदांडा आणि तिथून थेट मुंबईची वाट धरावी लागते. तिथे दिवस वाया घालवणं परवडणारं नाही. गुळवेल वेळीच थांबवल्यावर बरेच रुग्ण सावरले, हेही त्याच नोंदींत आहे.

तेव्हा काढा चालू असताना भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी झाली, तर तो त्याच दिवशी बंद करावा आणि रक्त तपासून यकृत कसं आहे ते पाहावं. आणि डॉक्टरांनी ‘काय औषधं घेता?’ असं विचारलं, की गोळ्यांबरोबर काढ्याचंही नाव सांगावं: किती घेतला, किती दिवस घेतला, बाटली कुठली. शक्य असेल तर ती बाटलीच सोबत न्यावी.