पंचांगांतील पाऊस आणि शेतांतील पाऊस

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या सडकेवर झरी नांवाचें गांव आहे. नांव झरी, पण भोंवतालची बरीचशी शेती आभाळाकडे डोळे लावून बसलेली. आमच्या वाचकांपैकीं अनेकांची अशी चार-दोन एकर वडिलार्जित जमीन कोठें ना कोठें असतेच, ती कोणी तरी बटईनें करतो, आणि मृगाचा शिडकावा झाला कीं त्याचा निरोप येतो, "पाऊस पडला, पेरूं का?" या प्रश्नावर त्याच्या घरचें सबंध वर्ष अवलंबून असतें. म्हणून आजचें पान त्या प्रश्नास देतों.

आपण पंचांग उघडतों. परंतु नक्षत्र सूर्याच्या स्थानावरून ठरतें, ढगांच्या नव्हे. खुद्द हवामान खात्यानेंहि २०२० सालीं पावसाच्या येण्याजाण्याच्या तारखा नव्यानें बसविल्या. मुंबईहून पाऊस परतण्याची सरासरी तारीख सप्टेंबरअखेरची होती, ती ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे सोयाबीन काढणीस येतें नेमक्या त्याच वेळीं हस्ताचा पाऊस अंगावर येण्याचें भय वाढलें. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' वादळाच्या उरल्यासुरल्या पावसानें आणि २०२५ च्या सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें मराठवाड्यांत उभीं पिकें पाण्यांत गेलीं. याच मराठवाड्यांतील लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें!

वर्षाची बेरीज पाहून पीक जगत नाहीं. दोन पावसांमधील खंड किती दिवसांचा, हें महत्त्वाचें. फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत सोयाबीनला कोरड्या हवेंत दिवसाला सुमारें ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतें. चांगल्या काळ्या रानांत मुळांच्या दोन फूट खोलीपर्यंत पिकास उपयोगी पडेल असें सुमारें १०० मिलिमीटर पाणी मावतें. त्यांतलें निम्में पीक सुखानें ओढून घेतें, पुढें त्याचे हाल सुरू होतात. म्हणजे शिल्लक दहा-बारा दिवसांची. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें ४,००० लिटर. तेव्हां ५० मिलिमीटरांची एक पाळी द्यावयाची तर एकरीं दोन लाख लिटर हवें.

हा हिशेब मला पुस्तकांत कळला होता, शेतांत कळला नव्हता. त्याच शिवारांत आमचीं चार एकर आहेत आणि वीस मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल असें शेततळें आहे. बाजू उतरत्या असल्यामुळें त्यांत जेमतेम पावणेनऊ लाख लिटर मावतें, म्हणजे चार एकरांस एकदांच पुरेल इतकें. २०२३ सालीं श्रावण अधिक होता. त्या वर्षींचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ठरला. आमचा बटईदार म्हणाला, "मालक, आतां पाणी दिलं तर शेंग भरंल." मीं पुण्याहून फोनवर सांगितलें, "हरभऱ्यासाठीं राखून ठेव." त्यानें ठेवलें. सप्टेंबरांत पाऊस आला तोंवर दाणे सुरकुतले होते, आणि राखलेल्या पाण्यांतलें कितीतरी उन्हानेंच नेलें होतें. निम्में नुकसान त्याचें झालें, आणि सल्ला सर्वस्वीं माझा होता. त्यानें एका शब्दानें तें बोलून दाखविलें नाहीं. तें अधिकच लागलें.

तेव्हांपासून निरोप आला कीं मी नक्षत्र विचारीत नाहीं. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला का, ओल वीतभर खाली गेली का, एवढें विचारतों. त्याआधीं पेरलें तर दुबार पेरणीची पाळी येते, आणि दुसऱ्या बियाण्याचा पैसा सावकाराकडून येतो. जुलैचा मध्य उलटला तर सोयाबीन-कपाशीचा हट्ट सोडून तूर, बाजरी किंवा एरंडीकडे वळावें. उसाचें नांव तर तळ्याच्या भरंवशावर कोणी काढूंच नये.

परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणें आतां चार ओळी सोयाबीन व दोन ओळी तूर असें मिश्र पीक घेतों. पेरणी रुंद वरंब्यावर होते; खंड पडला तर सरींतली ओल कामास येते, अतिवृष्टींत त्याच सरींतून पाणी निघून जातें. तळ्याचें पाणी कधीं सोडावयाचें हें मात्र बटईदार ठरवितो. मला तो मागाहून कळवितो.